आजोबांचा प्रोजेक्ट

सगळे त्याला आजोबा म्हणायचे. वय सव्वीस, डोक्यावर दाट केस, गुडघे ठणठणीत, लग्नाचा अजून पत्ता नाही. पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि हा आठव्या वर्षाला, म्हणजे विद्यापीठाच्या हिशेबाने आजोबाच. पहिल्या वर्षाची नवी पोरं त्याला प्राध्यापक समजून उभी राहायची. सुरुवातीला तो ओशाळून "अरे बसा, बसा" म्हणायचा. पुढे नुसती मान हलवून निघून जायला लागला. रोज उठून कोणाकोणाची समजूत घालणार?

विद्यापीठ हे एवढं अवाढव्य, आणि मेकॅनिकल विभाग त्याच्या पार मागच्या टोकाला, बॉयलरच्या शेडला लागून. आवाज फार होतो म्हणून सगळ्यांनी त्यांना तिकडे ढकललेलं. एका वर्गात तीनशे जण. सर पुढे माइकवर बोलायचे, मागच्या बाकांवर फक्त पंख्याचा आवाज पोचायचा. अशा ठिकाणी एखादा हरवला तर कळायला परीक्षाच यावी लागते. आजोबा दुसऱ्या वर्षी हरवला, तो हरवलाच.

मठ्ठ नव्हता हो, हे आधीच सांगितलेलं बरं. उलट पोरगं फार नीटनेटकं. सात प्रश्नांचा पेपर असला की हा पहिला प्रश्न हातात घ्यायचा आणि अगदी सुरुवातीपासून, एकही पायरी न गाळता, आकृतीला बाण-बिण काढून सोडवायचा. असा सोडवायचा की तपासणाऱ्यानं बघत राहावं. मग दुसरा. तिसऱ्याला हात घालेपर्यंत घंटा व्हायची. दोन प्रश्नांचे मार्क पैकीच्या पैकी मिळायचे. पण दोन प्रश्नांवर जगात कोणी पास झालेलं नाही. "अरे, थोडं ढकलत जा ना!" असं मित्रांनी सांगून पाहिलं. मित्र पास होऊन गेले, पालथ्या घड्यावर पाणी.

आता नियम असा होता, की प्रवेशापासून आठ वर्षांत पदवी घ्यायची, नाहीतर नाव कायमचं कमी. मागचे सगळे विषय एकेक करून सुटले होते. शेवटचा प्रोजेक्ट राहिला होता. तो झाला तर इंजिनिअर, नाही झाला तर बारावी पास.

आता घरचं ऐका. घरी तो चार वर्षांपूर्वीच इंजिनिअर झालेला होता.

झालं असं, की त्याचे वडील एका सरकारी कचेरीत लिफ्ट चालवायचे. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, आठ माणसं दाटीवाटीनं मावणारी. मुलगा इंजिनिअर होतोय ही गोष्ट वडिलांनी तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंत इतक्या वेळा वरखाली नेली होती की, त्या कचेरीत साहेबांची बदली कोणाला ठाऊक नसेल, पण ह्याच्या परीक्षेची तारीख सगळ्यांना पाठ. आणि चौथ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा ह्याचे पाच विषय राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेल्या लिफ्टमध्ये हिशेबनीसांनी विचारलं, "काय मग, लागला निकाल?" सगळ्या माना वळल्या. लिफ्टमध्ये तोंड लपवायला जागा नसते. वडील म्हणाले, "लागला. झाला पास."

झालं! तिसऱ्या मजल्यापर्यंत अभिनंदन, पाचव्या मजल्यावर "मिठाई कधी?" आणि संध्याकाळपर्यंत वडिलांनी सातही मजल्यांवर मिठाई वाटून टाकली. त्याच कचेरीतल्या टायपिस्टबाई ह्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. वडील घरी पोचायच्या आत त्या जिना चढून आल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या. आईनं आदल्याच दिवशी मार्कलिस्ट पाहिलेली. ती म्हणाली, "हो का? बरं झालं बाई," आणि चहा टाकायला आत गेली.

तेव्हापासून रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, आणि आई जिन्यात उभी राहून खालच्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "निघ रे लवकर, ऑफिसला उशीर होतोय!" हा विभागात पोचायचा, बॉयलरच्या शेडमागे शर्ट काढून नीट घडी घालायचा आणि बॅगेतला खाकी एप्रन चढवायचा. संध्याकाळी परत शर्ट. टायपिस्टबाई जिन्यात गाठायच्या.

"कंपनी कुठली म्हणालास?"

"मोठी आहे, काकू."

"कुठेशी?"

"लांब आहे जरा."

"पगार बरा आहे ना?"

"वाढायचाय अजून."

ह्यात तसं खोटं काहीच नव्हतं. काकूंचा एक भाचा होता, त्याला ह्याच्या कंपनीत चिकटवायचं त्यांनी फार मनावर घेतलं होतं. आजोबा "बघतो" म्हणायचा. चार वर्षं बघतच होता.

पण खरं दुखणं हे नव्हतंच. खरं दुखणं असं, की त्या दिवसापासून बाप-लेकांत ह्या विषयावर धड बोलणंच झालं नाही. वडील कधी ओरडले नाहीत. कधी "नालायका" म्हणाले नाहीत. आजोबाला वाटायचं, एकदा तरी चार लोकांसारखं खडसावावं, ताट फेकावं, काहीतरी करावं. निकाल लागला की वडील जेवताना ताटाकडे बघत विचारायचे, "मग?" हा सांगायचा, "दोन राहिले." "बरं," म्हणून ते हात धुवायला उठायचे. बाहेर पास असलेल्या मुलाला घरात नापास म्हणून रागवायचं कसं, हे त्या बिचाऱ्यांनाही सुचत नसावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दोघांनाही.

असो. तर प्रोजेक्ट.

नियमानं गटात चौघं लागतात. तिघांचा एक गट चौथा शोधत होता आणि आजोबाला कोणी घेत नव्हतं, तेव्हा दोन्ही अडचणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गटात एक मुलगी होती, तिला सगळे मुकादम म्हणायचे. ती बोलायची कमी, कामं जास्त वाटायची. दुसरा वकील. त्याला यंत्रातलं फारसं कळत नसे, पण जे कळत नाही त्यावरही तो अर्धा तास बोलू शकायचा. तिसरा झोप्या, त्याच्याबद्दल आणखी काय सांगायचं? मुकादमनं ठरवलं, रिकामे पत्र्याचे डबे चेपायचं यंत्र करायचं. वरून डबा टाकायचा, उजवीकडचं हँडल फिरवायचं, आत दट्ट्या पुढे येऊन डबा चेपणार आणि चेपलेला डबा मागच्या बाजूनं टोपलीत पडणार. सोपं, सुटसुटीत. "आजोबा, ड्रॉइंग तुमचं," ती म्हणाली. सगळे त्याला अहो-जाहो करायचे, वयाचा मान म्हणून.

आजोबानं ड्रॉइंग काढलं. कॉम्प्युटरवर नाही, बोर्डावर, कागद ताणून बसवून, पेन्सिलीला टोकं करकरून. असं काढलं की मुकादमसुद्धा म्हणाली, "वा!" एकेक रेघ पाहत राहावी अशी. त्या कागदावरून मुकादम आणि वकिलानं मधल्या पेटीचा लाकडी नमुना केला. विद्यापीठाच्या ओतशाळेत तो वाळूत दाबून, त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतून पेटी तयार झाली. ओतशाळेत पाळी एका गटाला एकदाच मिळते. शेकडो पोरं रांगेत असतात. चुकलं म्हणून पुन्हा मागायला गेलात तर हाकलून देतात.

पेटी निवाली, वाळू झटकली, कानसून गुळगुळीत केली. लोखंडी चौकटीवर ठेवली. आणि मुकादम हँडल हातात घेऊन पेटीच्या उजवीकडे भोक शोधायला लागली.

भोक डावीकडे होतं.

"उलटी करून बघ," झोप्या म्हणाला. तो जागा झाला होता, ह्यावरून प्रसंग ओळखा.

उलटी करून बघितली, परत सुलटी करून बघितली. डावीकडचं भोक डावीकडेच. आणि चौकटीला डाव्या अंगाला मधोमध उभा खांब. तिकडे हँडल लावलं तर अर्ध्या फेऱ्यात खांबाला धडकणार. चौघं ड्रॉइंगभोवती जमले. ड्रॉइंग बरोबर होतं. नमुना ड्रॉइंगबरहुकूम होता. पेटी नमुन्याबरहुकूम होती. तिन्ही बरोबर आणि सगळं मिळून चूक. हे फक्त मेकॅनिकलवाल्यांनाच जमतं.

"आजोबा," मुकादमनं हळूच विचारलं, "ही डावीकडे काढलेली आकृती, ही डावीकडून बघितलेली ना?"

"छे! उजवीकडून बघितलेली. उजवीकडून पाहिलेली बाजू डावीकडेच काढतात ना?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्हाला डावीकडची बाजू डावीकडेच शिकवलीय," वकील म्हणाला.

तेव्हा उलगडा झाला. आकृती मांडायच्या दोन पद्धती आहेत, फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल. एकीत उजवी बाजू डावीकडे काढायची, दुसरीत उजवीकडेच. आजोबा पहिल्या वर्षाला होता तेव्हा इथे फर्स्ट अँगल शिकवायचे. मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि पुढची सगळी पोरं थर्ड अँगल शिकून आली. कुठली पद्धत वापरलीय हे सांगायला कागदाच्या कोपऱ्यात एक छोटीशी खूण काढतात. आजोबानं ती काढली नव्हती. त्याच्या काळी एकच पद्धत होती, खूण कशाला? आणि ह्या तिघांनीही विचारलं नव्हतं, कारण त्यांच्या काळी एकच पद्धत होती. एका बाकावर बसणारे चौघं, आणि त्यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर पडलेलं.

आता पेटी तर बदलता येत नाही. मग मुकादमनं डोकं चालवलं आणि आख्खी पेटी चौकटीवर पुढची मागे करून बसवली. हँडल आलं उजवीकडे, झकास फिरलं, डबा झकास चेपला. फक्त चेपलेला डबा मागे टोपलीत न पडता पुढे, म्हणजे यंत्र चालवणाऱ्याच्या पायावर पडायला लागला. झोप्यानं तीन डबे चेपले आणि चपलेतून बाहेर आलेला अंगठा धरून बसला.

"काही हरकत नाही," वकील म्हणाला. त्याचे डोळे चमकायला लागले होते. "आपण सांगायचं, हे यंत्र वयस्कर माणसांसाठी आहे. मागे जाऊन वाकून डबे उचलायला लागू नयेत म्हणून मुद्दाम पुढ्यात पडतात. कमरेच्या दुखण्याचा विचार केलाय. सामाजिक उपयोग! त्याला वेगळे मार्क असतात."

मुकादमनं जरा नाक मुरडलं, पण दुसरं काही सुचत नव्हतं. "ठीक आहे. बोलशील तू. आजोबा, तुम्ही फक्त गप्प राहायचं. तुम्हाला जमेल ना?"

आजोबा म्हणाला, जमेल. गप्प राहायचा एवढा सराव विभागात दुसऱ्या कोणाला होता?

परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या त्या एका कारखान्यातल्या बाई. ठेंगण्या, पिकलेले केस बारीक कापलेले, पायात पोलादी टोकाचे जाड बूट. त्यांनी स्वतःच डबा टाकला, हँडल फिरवलं. डबा त्यांच्या बुटावर पडून टणकन वाजला. बाईंनी बुटाकडे बघितलं.

वकील सुरू झाला. वयस्कर माणसं, कंबर, मणके, वाकण्याचा कोन, समाजाप्रती आपलं देणं. त्यानं एका वृद्धाश्रमात जाऊन पाहणी केल्याचंही सांगून टाकलं, हे गटालाही नवीन होतं. मुकादम छताकडे बघत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ड्रॉइंग द्या."

ड्रॉइंग बघितलं. पेटी बघितली. परत ड्रॉइंग. "कोणी काढलंय?"

तिघांनी आजोबाकडे बघितलं.

"हे म्हणतात, डबा मुद्दाम पुढे पाडलाय. तुमचं काय म्हणणं?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. एका "हो"वर आठ वर्षं तडीला लागणार होती. आजोबाला आठवलं ते इतकंच, की एक खोटं सांभाळायला रोज सकाळी शर्टाला इस्त्री करावी लागते. आई जिन्यात ओरडते, वडील ताटाकडे बघून जेवतात. त्यात आणखी एकाची भर नको वाटली त्याला, बाकी काही नाही.

"नाही बाई," तो म्हणाला. "चुकलंय. चूक माझी आहे."

वकिलानं कपाळाला हात लावला. आजोबानं सांगायला सुरुवात केली, ती त्याच्या सवयीप्रमाणे अगदी पहिल्यापासून. दोन पद्धती कशा, त्याला कुठली शिकवली, ह्यांना कुठली, खूण कुठे असायला हवी होती, ती नसल्यामुळे वाचणाऱ्यानं काय वाचलं, नमुना कसा झाला. एकही पायरी गाळली नाही. बाकी गटांची पाळी खोळंबली, विभागातले सर घड्याळाकडे बघायला लागले. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत ऐकत राहिल्या.

"आणि आता परत करायचं झालं तर?"

"खूण काढीन. आणि लाकडाला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याची पेटी करून सगळ्यांपुढे ठेवीन. ही अशीच दिसतेय ना तुम्हाला, म्हणून विचारीन."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "आमच्याकडे गेल्या वर्षी झाकणांची अख्खी खेप अशीच उलटी आली," त्या म्हणाल्या. "कोणी कबूलच होईना. अजून पडलीत गोदामात." आणि पुढच्या गटाकडे निघून गेल्या. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"हात दाखवून अवलक्षण," वकील म्हणाला. "आमचे तर आणखी विषय आहेत आजोबा, आम्ही निभावून नेऊ. तुमचं काय?" रागानंच म्हणाला, पण काळजीही होतीच त्यात.

निकाल लागला तो दुपारी. फळ्यापुढे ही झुंबड! आजोबानं आपला नंबर शोधला, बोट ठेवलं, बोट काढून परत ठेवलं. पास. मुकादमनं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याचा चष्मा घसरला. मग चौघंही वेड्यासारखे हसत सुटले.

आजोबा तिथून घरी गेला नाही. एप्रन अंगावर तसाच, तो थेट वडिलांच्या कचेरीत गेला. चार वर्षांत तिकडे फिरकला नव्हता. कामाच्या वेळी इंजिनिअर बापाच्या लिफ्टमध्ये काय करतोय, असं कोणी विचारलं असतं. लिफ्ट तळमजल्यावर आली, जाळी सरकली, आणि लोकांच्या रेट्यात तो आत ढकलला गेला. आत हिशेबनीस होते. फायली घेऊन टायपिस्टबाई होत्या.

"अगंबाई, तू? आज ऑफिस नाही?" काकूंनी एप्रन खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मुलाकडे बघितलं, कोणाही परक्याकडे बघावं तसं. "कितवा मजला?"

"कुठलाही," आजोबाच्या तोंडून निघून गेलं. आणि त्यानं नुसती मान हलवली. एकदाच, खाली आणि वर.

जाळी लागली. वडिलांनी दांडा ढकलला. त्या जुन्या लिफ्टचं असं होतं, की दांडा धरून ठेवला तोवर ती चालायची. सोडला की जिथल्या तिथे उभी. दुसरा मजला गेला. तिसरा गेला. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली.

"काय झालं? लाइट गेली?" हिशेबनीस म्हणाले.

"लाइट नाही गेली," वडील म्हणाले. त्यांचा हात दांड्यावर नव्हता. "माझा मुलगा पास झाला."

"कोणता मुलगा?" काकू म्हणाल्या. "तुम्हाला तर एकच आहे."

"हाच."

"अहो, हा चार वर्षांपूर्वीच झाला की! आम्ही मिठाई खाल्लेली," हिशेबनीस म्हणाले.

"ती तुम्ही उगाच खाल्लीत. तेव्हा नापास होता. मी खोटं बोललो." वडिलांचा आवाज चिरकला. "आज झाला पास. आत्ता, आज." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सगळ्यांना त्यांची वर्दीची पाठ दिसत होती, ती हलत होती. "पोरं नापास होतात. लोक त्यांना चार शिव्या देतात, मग पाठीवर हात ठेवतात. मी ह्याला धड नापाससुद्धा होऊ दिलं नाही हो. डबा देऊन ऑफिसला पाठवत राहिलो."

काकूंनी फायली छातीशी धरल्या होत्या. शेवटी मागून कोणीतरी वडिलांना अगदी हळू म्हणालं, "मास्तर, पाचव्याला मीटिंग आहे."

वडिलांना दांडा दिसत नव्हता. आजोबानं पुढे होऊन तो धरला आणि ढकलला. लिफ्ट गचका देऊन निघाली आणि पाचव्यावर थांबवायला गेला तर फूटभर खालीच थांबली. एकेकाला पाय उचलून वर चढून जावं लागलं. हिशेबनीस चढताना गुडघा धरून "अभिनंदन" म्हणाले. काकूंनी जाता जाता त्याच्या गालावर एक चापट मारली, जरा जोरातच.

सगळे गेले. लिफ्टमध्ये दोघंच उरले. वडिलांनी बाहीनं तोंड पुसलं, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसरा हात दांड्यावरच्या त्याच्या हातावर.

"हळू," ते म्हणाले. "अजून थोडी वर घे. अजून थोडी. हां, बस."